पाच दिवसांचं पाणी

"सुगंधाताई, बुधवारची वाट बघू नका. अप्पांना उद्याच घेऊन या."

नदीमभाईंचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत पोरांची वजनं घेत होते. काट्याच्या झोळीत दोन वर्षांची एक मुलगी लटकत होती, भोकाड पसरून रडत होती, आणि मी आकडा बघता बघता फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला होता.

"उद्या मंगळवार. आमचा वार नाही उद्या."

"वार राहू द्या. वादळ बुधवारी दुपारी किनाऱ्याला लागणार म्हणतायत. एकदा झाडं पडली की तुमच्याकडचा रस्ता किती दिवस बंद राहील काय सांगावं? चोवीस पेशंट आहेत माझे, सगळ्यांना आज-उद्यात मशिनवर घेतोय. तुम्हाला सकाळी अकरा. याच."

नदीम मुकादम हे तालुक्याच्या दवाखान्यातल्या डायलिसिसच्या खोलीचे टेक्निशियन. चार मशिनं आणि ते एकटे. माझे वडील, अप्पा, तीन वर्षं आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जात होते. माझे यजमान हेमंत रिक्षा चालवतात. बुधवार आणि शनिवार सकाळचं दुसरं भाडं ते घ्यायचेच नाहीत.

अप्पा पाडेली होते. आमच्या खाडीकडच्या गावांत माडावर चढून नारळ उतरवणाऱ्याला पाडेली म्हणतात. चौदाव्या वर्षी चढायला लागले ते एकसष्टाव्या वर्षापर्यंत. रक्तदाब होता तो कुणाला कळला नाही. कळला तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं गेलेली होती. त्यानंतर दिवसाला एक लिटर पाणी, चहा आणि आमटी धरून. जो माणूस उन्हात शेंड्यावर बसून तीन-तीन शहाळी रिचवायचा, तो आता गोळीपुरतं पाणी मागताना माझ्या तोंडाकडे बघायचा.

मंगळवारी अकराला आम्ही पोचलो. खोलीबाहेर माणसं जमिनीवर बसली होती. नदीमभाईंचे डोळे लाल झाले होते, आदल्या दिवसापासून ते घरी गेलेले नव्हते. अप्पांच्या हाताला सुया लावून झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"पुढचा डायलिसिस कधी होईल ते माहीत नाही, असं धरून चालायचं. आजपासून पाणी निम्मं. अर्धा लिटर, बस. मीठ नाही. डाळ नाही, बटाटा नाही. भात चालेल, पेज काढून. साखर चालेल. केळं, आंबा, शहाळं अजिबात नाही. शहाळं तर विषच समजा. त्यातलं पोटॅशियम सरळ हृदयावर जातं. फाईल आणि गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी कायम तुमच्याजवळ."

"आणि मास्तर, श्वास किती घ्यायचा?" अप्पांनी पडल्या पडल्या नदीमभाईंना विचारलं.

"तुम्हाला नाही सांगत मी. तुम्ही कुठे ऐकताय! पोरीला सांगतोय."

"मग काळजी नको. ती माझ्यापेक्षा तुमचं जास्त ऐकते."

शेजारच्या पलंगावरच्या बाई हसल्या. त्या लीलाकाकू विचारे, आमच्याही पुढच्या गावच्या. एकट्याच असायच्या. एसटीनं यायच्या, एसटीनं जायच्या.

मी सगळं लिहून घेतलं होतं, आणि सगळं केलं. अप्पांचं घर कौलारू, म्हणून मंगळवारी परततानाच त्यांना आमच्याकडे, स्लॅबच्या घरात आणलं. अर्धा लिटरच्या बाटल्या मोजून भरल्या. गोळ्यांच्या पुड्या दिवसांप्रमाणे बांधल्या. पिण्याचं पाणी उकळून दोन कळश्या झाकून ठेवल्या. फोन चार्ज केले, टॉर्चचे सेल बदलले. हेमंतनी रिक्षा भिंतीला टेकवून दोरखंडानं बांधली. शेजारच्या सरूकाकी बघत उभ्या होत्या, म्हणाल्या, "काय गो, लग्नघरासारखी धावतेस!"

बुधवारी दुपारी वादळ आलं. मी त्याचं वर्णन करत बसणार नाही, ज्यांनी बघितलं त्यांना माहीत आहे. दारं-खिडक्या लावून आम्ही मधल्या खोलीत बसलो होतो. अप्पा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या स्वतःच्या परसात अकरा माड होते, सगळे त्यांनी लावलेले, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. एक मोठा दणका झाला.

"विहिरीकडचा," अप्पा म्हणाले.

थोड्या वेळानं दुसरा. "गोठ्याजवळचा. तो जाणारच होता, वाकडा होता."

असे ते नऊ वेळा बोलले. नंतर बोलायचे थांबले. मला वाटलं, उरलेले दोन राहिले असतील. खरोखरच राहिले होते.

गुरुवारी सकाळी दार उघडलं तर गाव ओळखू येईना. विजेचे खांब आडवे, मोबाईलला रेंज नाही, नळाला पाणी नाही. खालच्या विहिरीत समुद्राचं पाणी शिरलेलं, वरची पाल्यापाचोळ्यानं भरलेली. हेमंत रस्ता बघून दुपारी परत आले, हात-पाय खरचटलेले.

"हमरस्त्यापर्यंत अकरा किलोमीटर. खिंडीच्या अलीकडेच मी दोनशे झाडं मोजली, मग मोजायचं सोडलं. सरकारी मशीन पलीकडून येईल तेव्हा येईल. आपण इकडून तोडायला घेतलंय."

"होडीनं?"

"बंदरावर एक होडी धड नाही. आणि पाणी बघितलंस?"

मी मनात दिवस मोजले. मंगळवारी झालंय. एरवीही शनिवार ते बुधवार चार दिवस जातातच की. शनिवारपर्यंत काळजी नाही.

आणि शहाळी. जिकडे पाहावं तिकडे शहाळी पडलेली. माड उन्मळले होते, त्यांच्या शेंड्यावरचे घडच्या घड अंगणात, गटारात, रस्त्यावर. पिण्याच्या पाण्याचा पत्ता नव्हता, म्हणून सगळा गाव शहाळ्यांवर होता. पोरं शहाळी पीत होती, झाडं तोडणारी माणसं पीत होती, सरूकाकीची गाय खोबरं खात होती. उकाडा असा की बसल्या जागी घामाच्या धारा. आणि त्यात अप्पा पडवीत खुर्चीवर बसलेले, हातात माझी बाटली. मी त्यांना टोपणानं पाणी द्यायचे. एक टोपण, मग तासाभरानं दुसरं.

शुक्रवारी त्यांच्या पायांना सूज आली. बोटानं दाबलं की खड्डा तसाच राहायचा.

"बाय," ते म्हणाले, "जीभ टाळ्याला चिकटते गो."

मी ओलं फडकं त्यांच्या ओठांवरून फिरवलं. त्यांनी फडकं दातांत धरलं आणि चोखलं. मी ते ओढून काढलं. माझ्या हाताला त्यांच्या दातांचा जोर लागला, आणि मग त्यांनी सोडून दिलं.

"ते दोन माड उभे आहेत ना, त्यातला एक बुटका आहे. त्याचं पाणी गोड. तू लहान होतीस तेव्हा त्याचंच द्यायचो तुला."

"अप्पा, नदीमभाईंनी काय सांगितलंय?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग काही नाही. आठवलं, म्हणून सांगितलं."

शनिवारी सकाळी मी वरच्या विहिरीवर गेले होते. बायका मिळून पाला उपसत होत्या, माझाही हात हवा होता. तासाभरानं परत आले. अप्पा पडवीत नव्हते. मी घरात बघितलं, मागे बघितलं, आणि मग सरूकाकीच्या अंगणातून बोलणं ऐकू आलं.

अप्पा तिथल्या दगडावर बसले होते. सरूकाकी कोयतीनं शहाळं छाटून त्यांच्या हातात देत होत्या. "प्या हो भावजी," त्या म्हणत होत्या, "माणसानं पाण्यावाचून तडफडायचं म्हणजे काय! अंगणात गंगा वाहतेय नि..." अंगणात आणखी पाच-सहा जण होते. तोडकाम करून दमून आलेले, सगळ्यांच्या हातात शहाळी. अप्पांनी दोन्ही हातांनी ते धरलं होतं. शहाळं त्यांनी तोंडाला लावलं होतं.

मी धावले आणि ते ओढून घेतलं. त्यांच्या हनुवटीवरून पाणी ओघळलं. मी शहाळं उलटं केलं आणि सगळं पाणी त्यांच्या पायाशी मातीत ओतलं.

"लाज नाही वाटत?" मी ओरडले. "चार दिवस मी मरमर मरतेय, आणि तुम्ही चोरून इथे? मरायचंय का तुम्हाला? मरायचं असेल तर तसं सांगा!"

सरूकाकींनी कोयती खाली ठेवली. अप्पांनी बाहीनं तोंड पुसलं, उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मीच त्यांना काखेत धरून उठवलं. घरापर्यंत पंधरा पावलं असतील, तेवढ्यात ते दोनदा थांबले.

खुर्चीत बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "घोटभर गेलं असेल फार तर."

"घोटभर सुद्धा नाही!"

"बरं," ते म्हणाले.

माझ्या वडिलांशी मी जन्मात तसं बोलले नव्हते. माझं लग्न होईपर्यंत घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. आई गेली तेव्हा मी नववीत होते. सकाळी माझी वेणी घालून ते माडांवर जायचे, आणि वेणी वाकडी आहे म्हणून मुली हसतात हे मी त्यांना कधी कळू दिलं नव्हतं. त्या माणसाला मी भर अंगणात, परक्यांच्या देखत, पोरासारखं झापलं होतं. मला ते त्याच वेळी कळत होतं. पण मनात एकच होतं: आधी जगू दे, मग पाया पडून माफी मागेन. रस्ता उघडला की, मशिनवर बसले की, तिथेच त्यांच्या पायांवर डोकं ठेवीन.

त्यानंतर अप्पांनी पाणी मागितलं नाही. मी टोपण पुढे केलं की प्यायचे, नाही केलं तर गप्प. संध्याकाळी त्यांना आडवं होता येईना, आडवं झालं की श्वास कोंडायचा. मी उशांचा ढीग करून त्यांना बसतं ठेवलं.

रविवारी उजाडताच हेमंत म्हणाले, "आता वाट बघायची नाही. खिंडीपर्यंत माणूस चालून जाईल इतकी वाट झाली आहे. पलीकडे कुणाची तरी गाडी मिळेल."

लाकडी खुर्चीला दोन बांबू बांधले. हेमंत, त्यांचा चुलतभाऊ आणि तोडकाम करणारे दोघं, असे चौघं. अप्पांना चादरीनं खुर्चीला बांधलं, डाव्या हाताला काही लागू नये म्हणून तो मी त्यांच्या पोटावर उशीत ठेवला. डायलिसिसच्या सुया लावायचा हात तो. प्लास्टिकची पिशवी माझ्या खांद्याला. सरूकाकी फाटकापर्यंत आल्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

वाट म्हणजे काय, पडलेल्या खोडांवरून चढायचं आणि उतरायचं. प्रत्येक खोडापाशी खुर्ची उचलायची, पलीकडच्यांनी झेलायची. दर वेळी अप्पांचं डोकं हलायचं आणि ते "अं" करायचे. तीन किलोमीटरला अडीच तास लागले. ऊन चढलं. त्यांचा चेहरा सुजला होता, ओठ काळपट. श्वास असा वाजत होता, जणू छातीत कुणी हुक्का ओढतंय. खिंडीच्या खाली चार घरांची एक वाडी आहे, तिथे चौघांनी खुर्ची टेकवली. त्यांचे खांदे सोलवटले होते.

मी अप्पांची नाडी बघितली. अंगणवाडीचं प्रशिक्षण झालेली बाई मी, थोडं कळतं. नाडी मधेच थांबत होती, पुन्हा चालू होत होती. खिंड अजून चढायची होती. पलीकडे गाडी मिळाली तरी पुढे तासभर. मी हेमंतकडे बघितलं, त्यांनी नजर वळवली.

तेव्हा मला कळलं की आता काही उपयोग नाही.

वाडीतली एक बाई दारात उभी होती. मी तिला म्हणाले, "एक शहाळं द्याल?"

तिनं लगेच छाटून दिलं. कोवळं, काठोकाठ भरलेलं. मी अप्पांसमोर गुडघ्यांवर बसले आणि ते त्यांच्या ओठांना लावलं.

"अप्पा, प्या."

त्यांनी डोळे उघडले. आधी शहाळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"प्या अप्पा. सगळं प्या. मी सांगतेय ना."

त्यांनी ओठ मिटून घेतले. मान हलवली, इकडून तिकडे, हळू.

"नको," ते म्हणाले. एकेक शब्दाला श्वास घेत होते. "मशिनवर... बसायचंय ना. नको."

"अप्पा, घोटभर."

"नको बाय."

मी बोट पाण्यात बुडवून त्यांच्या ओठांना लावलं. त्यांनी तोंड फिरवलं.

तो त्यांचा रुसवा होता, की आपण पोचणार असा त्यांना खरंच भरवसा होता, की माझा शब्द राखायचा म्हणून ते शेवटपर्यंत पाळत राहिले, मला आजवर कळलेलं नाही. सात वर्षं झाली. कधी एक वाटतं, कधी दुसरं.

चौघांनी पुन्हा खुर्ची उचलली. खिंडीच्या पहिल्या वळणावर एक मोठं आंब्याचं झाड आडवं होतं. तिथे खुर्ची वर घेताना अप्पांनी "अं" केलं नाही. हेमंतच्या ते लक्षात आलं. ते म्हणाले, "खाली ठेवा रे."

आम्ही आलेल्या वाटेनं परत गेलो, तीच खोडं ओलांडत. आता कुणाला घाई नव्हती, तरी चौघंही खुर्ची तितकीच जपून उचलत होते. सरणाला लाकूड कुठून आणायचं हा प्रश्न त्या दिवशी गावात कुणालाच पडला नाही.

मंगळवारी रस्ता उघडला. पहिली गाडी आली ती नदीमभाईंची मोटारसायकल. वादळानंतर जे पेशंट आले नव्हते त्यांच्या घरी ते एकेक करून जात होते. अंगणात गाडी लावून ते आत आले, आणि मला बघितल्यावर त्यांना काही विचारावं लागलं नाही. पडवीत, खुर्चीकडे न बघता, ते पायरीवर बसले.

"कधी?"

"रविवारी. खिंडीत."

मग त्यांच्या कामाची सवय म्हणा, त्यांनी हळूच विचारलं, "पाणी किती होत होतं?"

"अर्धा लिटर. शनिवारी त्याहून कमी."

"मीठ?"

"नाही."

"फळ वगैरे?"

"नाही. शनिवारी शहाळं तोंडाला लावलं होतं, घोटभर गेलं असेल. मी काढून घेतलं हातातून. ओतून टाकलं."

"तुम्ही सगळं बरोबर केलंत, ताई," ते म्हणाले. "म्हणून रविवारपर्यंत तरी राहिले."

रविवारपासून मला रडू आलं नव्हतं. त्या वाक्यानं आलं. "एखादी चूक सांगा ना हो माझी," मी म्हणत होते. "एक तरी सांगा." चूक असती तर धरून ठेवायला काहीतरी झालं असतं. शेवटी नदीमभाई उठले. त्यांना अजून लीलाकाकूंकडे जायचं होतं. त्यांच्या गावचा रस्ता तासाभरापूर्वीच उघडला होता, आणि त्यांची काही खबर नव्हती.

"मी येते," मी म्हणाले. का म्हणाले, मला ठाऊक नाही. सुतक होतं, हेमंतही बघत राहिले. पण कुणी अडवलं नाही.

लीलाकाकूंचं दार उघडं होतं. त्या ओटीवर तीन उशांना टेकून बसल्या होत्या, चेहरा सुजून डोळ्यांच्या फटी झालेल्या, श्वास वाजत होता. पण जिवंत होत्या. नदीमभाई चारचाकी शोधायला बाहेर धावले. मी काकूंचे कपडे पिशवीत भरू लागले. त्यांनी माझं मनगट पकडलं.

"मास्तरांना सांगू नकोस हां. मी काही पाळलं नाही गो. तहान लागली की प्यायले. शहाळी प्यायले, पाणी प्यायले. एकटी होते, कोण नको म्हणणार?"

मी त्यांचं मनगट सोडवलं नाही, त्यांनी धरलं होतं तसंच राहू दिलं. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण मला त्या क्षणी त्यांचा हेवा वाटला.

दोन तासांनी त्या मशिनवर होत्या. त्यानंतर त्या तीन वर्षं जगल्या. बुधवारी आणि शनिवारी हेमंतच्या रिक्षातून जायच्या, वाटेत मी चढायचे, सोबतीला. नदीमभाई मला म्हणायचे, "ताई, तुम्ही त्यांना दटावत जा, तुमचं ऐकतील त्या." मी दटावत असे. वादळाचा इशारा आला की त्यांच्या घरी जाऊन बाटल्या भरून ठेवत असे, काय चालेल आणि काय नाही ते सगळं पुन्हा सांगत असे. पण कुणी काही तोंडाला लावलेलं असलं, तर ते मी त्याच्या हातातून पुन्हा कधी काढून घेतलं नाही.